पाणबुड्यांचे पाठीराखे : जॉन स्कॉट हॉल्डेन

समुद्राच्या तळाशी उतरण्याची ओढ मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. मोत्यांचे शिंपले, पोवळी, बुडालेल्या गलबतांतील धन यांसाठी धाडसी माणसे छातीत श्वास कोंडून पाण्यात उड्या घेत आली. परंतु एका श्वासाच्या बळावर मनुष्य पाण्याखाली किती वेळ राहणार? एकोणिसाव्या शतकात ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. रबर लावलेल्या कापडाचा पोशाख, तांब्याचे वाटोळे शिरस्त्राण, शिशाचे तळ असलेले जड बूट आणि होडीवरील पंपाने लांब नळीतून खाली पुरविलेली हवा, असा सारा सरंजाम तयार झाला. हा पोशाख चढवून पाणबुडे समुद्रतळावर दीर्घकाळ काम करू लागले.

मात्र या नव्या सोयीबरोबर एक नवे संकटही आले. खोल पाण्यातील काम आटोपून पाणबुड्या वर येई. पोशाख उतरवी, सोबत्यांशी हसेबोले. आणि थोड्याच वेळात त्याच्या सांध्यांत असह्य कळा सुरू होत. कोणाचे पाय लुळे पडत, कोणाची शुद्ध हरपे, तर कोणी तेथेच प्राण सोडी. नदीवर पूल बांधताना पाण्याखालच्या बंद कोठ्यांत, दाबाच्या हवेत खोदकाम करणाऱ्या मजुरांचीही अशीच दशा होई. न्यूयॉर्क शहरातील प्रसिद्ध ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हे इ. स. १८७२ मध्ये या विकाराने जायबंदी झाले, आणि पुढे पुलाचे काम त्यांना आपल्या घराच्या खिडकीतून पाहावे लागले. या व्याधीने माणूस वेदनेने वाकून जाई. म्हणून कामगारांनी तिला ‘बेंड्स’, म्हणजे ‘वाकणे’, असेच नाव दिले.

खाली जाणे मनुष्याला साधले होते; सुखरूप वर येणे साधले नव्हते. ही विद्या ज्यांनी जगाला शिकविली, ते शास्त्रज्ञ म्हणजे जॉन स्कॉट हॉल्डेन होत.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरी एका सुखवस्तू घराण्यात झाला. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. त्यांनी मनात आणले असते, तर दवाखाना थाटून ते सुखाने राहिले असते. परंतु त्यांचे मन निराळ्याच प्रश्नात गुंतले होते. आपण सारे ज्या हवेत जगतो, ती हवा शरीरात जाऊन नेमके काय करते? आणि जेथे ती दूषित असते, तेथे माणसे कशी जगतात व कशामुळे मरतात? हवा हाच त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय झाला.

हा अभ्यास त्यांनी केवळ प्रयोगशाळेत बसून केला नाही. डंडी या गिरण्यांच्या शहरात गोरगरिबांच्या कोंदट घरांत ते रात्रीच्या वेळी जात, आणि दाटीवाटीने झोपलेल्या माणसांभोवतीची हवा बाटल्यांत भरून तपासणीसाठी आणीत. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात काम करीत असताना ते गटारांत उतरले, कोळशाच्या खाणींत उतरले. त्या काळी खाणींत वारंवार स्फोट होत आणि शेकडो मजूर प्राणास मुकत. स्फोटाच्या धक्क्याने व आगीने ही माणसे मरतात, असा सर्वांचा समज होता. हॉल्डेन यांनी मृतांची काळजीपूर्वक तपासणी केली आणि १८९६ मध्ये आपला अहवाल सादर केला. बहुसंख्य मजूर स्फोटाने नव्हे, तर स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गुदमरून मरतात, असे त्यांनी सिद्ध केले. या वायूला रंग नाही, वास नाही. तो ओळखावा कसा? लहान प्राण्यांवर त्याचा परिणाम माणसाच्या आधी होतो, हे हॉल्डेन यांनी दाखवून दिले. तेव्हापासून खाणीत उतरणारे लोक छोट्या पिंजऱ्यात कॅनरी पक्षी बरोबर नेऊ लागले. पक्षी कोसळला, की माणसांनी तात्काळ माघारी फिरावे.

या विषारी वायूचे परिणाम हॉल्डेन यांना इतके अचूक कसे कळले? तो वायू त्यांनी स्वतः हुंगला होता. आपली बुद्धी किती मंदावते, पाय केव्हा लटपटू लागतात, हे ते प्रयोग चालू असतानाच टिपून ठेवीत. जो धोका मजुराला पत्करावा लागतो, तो आधी आपण पत्करून पाहावा, हा त्यांचा दंडक होता. आपल्या मुलालाही त्यांनी याच शिस्तीत वाढविले. जॅक हा मुलगा लहान असताना ते त्याला एका खाणीत घेऊन गेले. तेथील छताशी ज्वालाग्राही वायू साठला होता. हॉल्डेन यांनी जॅकला ताठ उभे राहून एक पाठ केलेले भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात जॅकला धाप लागली, पायांतील बळ गेले आणि तो खाली बसला. जमिनीलगतची हवा मात्र चांगली होती. त्यामुळे त्याला लगेच हुशारी वाटली. तो वायू हवेहून हलका असतो, हे जॅक त्या दिवशी शिकला आणि पुन्हा कधीही विसरला नाही.

इ. स. १९०५ मध्ये हॉल्डेन व त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी श्वसनाविषयी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. आपला श्वास कमीजास्त होतो, तो मुख्यतः शरीरातील कार्बन डायऑक्साइड या वायूमुळे. हा वायू थोडा जरी वाढला, तरी माणूस धापा टाकू लागतो. याच सुमारास ब्रिटिश आरमारापुढे पाणबुड्यांचा प्रश्न उभा होता. खोल पाण्यात पाणबुडे थोडेसे काम करताच थकून जात, कधी बेशुद्ध पडत. आणि वर आल्यावर बेंड्सची भीती असेच. हा प्रश्न सोडविण्यासाठी आरमाराने एक समिती नेमली आणि तीत हॉल्डेन यांना पाचारण केले.

प्रथम त्यांनी पाणबुड्यांच्या थकव्याकडे लक्ष दिले. पाण्याचा दाब अंगावर पडल्यामुळे माणूस थकतो, असे सारे म्हणत. हॉल्डेन यांनी पाणबुड्याच्या शिरस्त्राणातील हवा बाटलीत भरून घेतली व तपासली. तीत कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा फार होता. त्याचे कारण साधे होते. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्याला एक वातावरण म्हणतात. पाण्यात दर १० मीटर खाली गेल्यावर आणखी एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ४० मीटर खोलीवर एकूण दाब पाच पट होतो, आणि या दाबाखाली हवा आकसून तिचे आकारमान एकपंचमांश उरते. वरून पाच घागरी हवा ढकलली, तर खाली ती एकच घागर होऊन पोहोचे. तेवढ्याशा हवेने शिरस्त्राणातील दूषित वायू निघून जात नसे. उपायही तितकाच सरळ होता : पाणबुड्या जितका खोल जाईल, तितकी अधिक हवा वरून पाठविली पाहिजे. पंप वाढविले, त्यांची गळती थांबविली, आणि खोल पाण्यातही पाणबुड्यांना नीट काम करता येऊ लागले.

दुसरा प्रश्न अधिक बिकट होता. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये बेंड्सचे मूळ कारण दाखवून दिले होते. हवेचा सुमारे चारपंचमांश भाग नायट्रोजन म्हणजे नत्रवायू असतो. एरवी तो श्वासाबरोबर आत येतो व तसाच बाहेर जातो. परंतु खोल पाण्यात दाब वाढला, की तो रक्तात व शरीराच्या सर्व भागांत विरघळू लागतो. माणूस एकाएकी वर आला, म्हणजे दाब झपाट्याने उतरतो आणि विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. सोडावॉटरची बाटली फोडल्याबरोबर पाणी कसे फसफसते, ते सर्वांनी पाहिले आहे. तोच प्रकार रक्तात घडतो. हे बुडबुडे सांध्यांत, मेंदूत, पाठीच्या कण्यात अडकून माणसाचा घात करतात.

म्हणून पाणबुड्याने सावकाश वर यावे, असा नियम त्या काळीही होता. तरी माणसे पंगू होत. हॉल्डेन यांनी या नियमातील दोष शोधून काढला. शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने वायू शोषीत नाहीत. ज्या भागांत रक्त भरपूर खेळते, ते काही मिनिटांतच वायूने भरतात व तितक्याच लवकर मोकळे होतात. चरबीसारखे भाग सावकाश भरतात आणि सावकाशच रिकामे होतात. पाणबुड्या तळापासून वरपर्यंत एकाच संथ गतीने येत राहिला, तर पहिला बराच वेळ तो खोल पाण्यातच असतो. त्या वेळात शरीराचे मंद भाग आणखी वायू शोषीत राहतात. पृष्ठभागाजवळ, जेथे खरोखरी थांबावयास हवे, तेथून मात्र तो न थांबता निघून जातो. सावकाशपणा योग्यच होता. परंतु तो चुकीच्या ठिकाणी खर्च होत होता.

मग योग्य ठिकाण कोणते? ते शोधण्यासाठी लंडनमधील लिस्टर संस्थेत एका मोठ्या पोलादी कोठीत प्रयोग सुरू झाले. या कामी आर्थर बॉयकॉट हे डॉक्टर आणि आरमारातील पाणबुड्यांचे निरीक्षक लेफ्टनंट गायबन डॅमंट हे हॉल्डेन यांचे सहकारी होते. प्रयोगासाठी शेळ्या निवडल्या होत्या. उंदीर, सशांसारख्या लहान प्राण्यांचे रक्ताभिसरण इतके जलद असते, की त्यांच्यावरून माणसाविषयी अनुमान बांधणे धोक्याचे ठरते. शेळी पुरेशी मोठी असते, आणि तिला दुखू लागले की ती पुढचा एक पाय उचलून धरते. त्यामुळे विकार झाला की नाही, हे पाहताक्षणीच कळे. या प्रयोगांत काही शेळ्यांना प्राणासही मुकावे लागले. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी त्या मुक्या जिवांनी मोठी किंमत मोजली आहे.

अनेक प्रयोगांनंतर हॉल्डेन यांना एक सूत्र सापडले. दोन वातावरणांच्या दाबात कितीही वेळ राहून एकदम एका वातावरणात आले, तरी सहसा अपाय होत नाही. मग सहा वातावरणांतून तीनवर, किंवा चारांतून दोनवर आल्यानेही अपाय होऊ नये. म्हणजे दाब निम्म्यावर येईपर्यंत माणसाने थेट वर येण्यास हरकत नाही. समजा, पाणबुड्या ५० मीटर खोल गेला. तेथे दाब सहा वातावरणे. निम्मा दाब, म्हणजे तीन वातावरणे, २० मीटर खोलीवर असतो. तेथपर्यंत त्याने न रेंगाळता यावे आणि थांबावे. साठलेल्या वायूचा काही भाग श्वासावाटे निघून गेला, की थोडे वर येऊन पुन्हा थांबावे. असे टप्प्याटप्प्याने, पृष्ठभाग जसा जवळ येईल तसे अधिकाधिक वेळ थांबत वर यावे. कोणत्या खोलीवर किती वेळ राहिल्यास वर येताना कोठे व किती मिनिटे थांबावे, याची कोष्टकेच हॉल्डेन यांनी गणिताने तयार केली.

कोष्टक कागदावर कितीही सुंदर दिसले, तरी त्याच्या भरवशावर माणसाचा जीव टाकावयाचा होता. लेफ्टनंट डॅमंट आणि आरमारातील तोफखान्याचे अधिकारी अँड्र्यू कॅटो हे दोघे पुढे सरसावले. दोघेही मुरलेले पाणबुडे होते. प्रथम ते पोलादी कोठीत बसले. तेथील दाब क्रमाक्रमाने वाढविण्यात आला आणि कोष्टकाप्रमाणे उतरविण्यात आला. तेथे ते निर्धोक ठरल्यावरच समुद्राची पाळी आली. ऑगस्ट १९०६ मध्ये ‘स्पँकर’ नावाचे लढाऊ गलबत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्यूट बेटाजवळच्या खाडीत नांगरून पडले. रोज थोडे थोडे अधिक खोल, अशा क्रमाने डॅमंट आणि कॅटो उतरू लागले. आधीची पायरी पक्की झाल्यावाचून पुढच्या पायरीवर पाय ठेवावयाचा नाही, असा रिवाज होता.

एके दिवशी कॅटो तळाशी असताना त्यांच्या दोऱ्या व हवेची नळी गुंतली. ती सोडविण्यात ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ गेला. वरच्या मंडळींचे प्राण कंठाशी आले असतील. अशा प्रसंगी माणसाला झटकन वर ओढून घेण्याचाच मोह होतो. परंतु तसे केले असते, तर बुडण्यातून वाचलेला माणूस वर येऊन दगावला असता. अधिक वेळ खाली गेला, म्हणून अधिक वेळ थांबवीत, टप्प्याटप्प्याने कॅटोंना वर आणण्यात आले. ते पूर्णपणे सुखरूप होते. त्याच महिन्यात डॅमंट २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल जाऊन निर्विघ्नपणे परत आले. पाणबुड्याच्या पोशाखात इतक्या खोल जाण्याचा तो त्या काळचा उच्चांक होता.

या मोहिमेत आणखी एका पाणबुड्याने समुद्रात बुडी घेतली. त्याचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. तो हॉल्डेन यांचाच मुलगा जॅक. मोठ्या माणसाचा पोशाख त्या लहान शरीराला नीट कसा बसणार? मनगटांपाशी फट राहिली आणि खाली गेल्यावर थंडगार पाणी आत शिरू लागले. पाणी पायांपासून चढत छातीपर्यंत आले. तो घाबरून धडपडला असता, तर अनर्थ ओढवला असता. परंतु शिरस्त्राणातील हवेचा दाब राखला, तर पाणी तोंडापर्यंत येणार नाही, हे त्याला शिकविलेले होते. तो शांत राहिला, झडप सांभाळीत राहिला, आणि वर आला तेव्हा थंडीने काकडण्यापलीकडे त्याला काही झाले नव्हते. संकटात माणसाला जे तारते, ते आधी शिकून अंगी मुरवलेलेच असावे लागते, हे या प्रसंगावरून दिसून येते.

समितीचा अहवाल १९०७ मध्ये सादर झाला, आणि १९०८ मध्ये बॉयकॉट, डॅमंट व हॉल्डेन यांनी आपले सारे प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केले. ही कोष्टके गुपित म्हणून दडवून ठेवण्यात आली नाहीत. ब्रिटिश आरमाराने ती स्वीकारली. पुढे अमेरिकेच्या आरमारानेही ती कसोटीला लावून आपलीशी केली. त्यांचा खरा कस लागला तो पहिल्या महायुद्धात. जानेवारी १९१७ मध्ये ‘लॉरेंटिक’ हे जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगांवर आदळून बुडाले. साडेतीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. जहाजात सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. सुमारे ४० मीटर खोल, खवळलेल्या समुद्रात पडलेले ते सोने काढण्याचे काम डॅमंट यांच्यावर सोपविण्यात आले. पाणबुड्यांनी तेथे हजारो बुड्या मारल्या, आणि १९२४ पर्यंत ३,१८६ विटा वर काढल्या. याहून मोलाची गोष्ट अशी, की सात वर्षांच्या या कामात एकाही पाणबुड्याचा प्राण गेला नाही.

हॉल्डेन मात्र तोवर दुसऱ्या कामांत गढून गेले होते. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हा ते तात्काळ फ्रान्सला गेले. तो वायू क्लोरीन आहे, हे त्यांनी ओळखले आणि सैनिकांसाठी मुखवटे तयार करण्याच्या कामी साहाय्य केले. या प्रयोगांतही वायू हुंगणारे पहिले माणूस ते स्वतःच होते. वार्धक्यातही त्यांनी विश्रांती घेतली नाही. तेलाच्या कारखान्यांत उष्माघाताने आजारी पडणाऱ्या कामगारांची चौकशी करण्यासाठी, वयाच्या पंचाहत्तरीत ते इराण व इराक या देशांत गेले. तेथून परतल्यावर त्यांना न्यूमोनियाने गाठले आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

वडिलांचे काम मुलाने पुढे चालविले. जॅक म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही पाणबुडी नौका लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर त्यांनी दाबाच्या कोठीत स्वतःला कोंडून घेऊन कित्येक धोक्याचे प्रयोग केले. १९५७ मध्ये ते भारतात राहावयास आले, भारताचे नागरिक झाले, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

थोरल्या हॉल्डेन यांची कोष्टके जशीच्या तशी आज वापरात नाहीत. फार खोल व फार वेळच्या बुड्यांसाठी त्यांचे सूत्र पुरेसे निर्धोक नाही, असे नंतरच्या संशोधकांना आढळले आणि त्यांनी ते सुधारले. शास्त्राची वाटचाल अशीच होत असते. परंतु शरीराचे शीघ्र व मंद भाग वेगळे धरून वायूचा हिशेब करावा आणि टप्प्यांनी वर यावे, हे मूळ तत्त्व कायम राहिले. पाणबुड्यांच्या मनगटावर आज जो लहानसा संगणक असतो, तो क्षणोक्षणी हाच हिशेब करीत असतो.

पाणबुड्यांचे साधनही पालटले आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी, पाठीवरच्या नळकांड्यातून हवी तेवढीच हवा तोंडाशी देणारे यंत्र तयार केले. त्यामुळे वरून येणारी नळी गेली, जड बूट गेले, आणि माणूस माशासारखा मोकळा पोहू लागला. यालाच स्कूबा म्हणतात. महाराष्ट्रात मालवणजवळ तारकर्ली येथे, तसेच अंदमानच्या बेटांवर ही विद्या शिकविली जाते. परंतु मोकळेपणा आला, तशी जबाबदारीही वाढली. डॅमंट आणि कॅटो वजन लावून सोडलेल्या दोराला धरून आपल्या टप्प्यावर थांबत. आजच्या पाणबुड्याला पुष्कळदा असा आधार नसतो. पृष्ठभागाखाली ५ मीटरवर तीन मिनिटे थांबा, असे त्याला सांगितलेले असते. पण तेथे ना बुडता, ना तरंगता, अधांतरी स्थिर राहणे हे केवळ सरावानेच साधते. म्हणून उथळ पाण्यात हीच गोष्ट त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतात. मुखवट्यात शिरलेले पाणी न घाबरता बाहेर काढणे, वर येताना श्वास कधीही कोंडून न धरणे, सोबत्याची हवा संपल्यास आपली त्याला देणे, मिनिटाला नऊ-दहा मीटरहून अधिक वेगाने वर न येणे, हे सारे धडे त्याच पंक्तीतले.

या शिक्षणाच्याही पायऱ्या आहेत. अनेक प्रशिक्षण संस्थांत पहिल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला १८ मीटरपर्यंतच उतरण्याची मुभा असते. पुढचे शिक्षण घेतल्यावर ३० मीटर. आणि हौसेने बुडी मारणाऱ्यांची शेवटची मर्यादा ४० मीटर मानतात. पहिली पायरी पार होताच पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घालण्याची घाई पुष्कळांना होते. जाणता शिक्षक अशा वेळी विद्यार्थ्याची हौस पाहात नाही. त्याचा सराव पाहतो. जाणता विद्यार्थीही हा अभ्यासक्रम आपल्याला किती खोल नेईल, एवढेच विचारीत नाही. शिकविणारा किती अनुभवी आहे, एका वेळी किती जणांना तो पाण्यात नेतो, चुकले तर पुन्हा करून घेतो की नाही, आणि संकटात सुखरूप वर कसे यावे हे तो शिकवितो की नाही, याची तो आधी चौकशी करतो.

हॉल्डेन यांनी स्वतः खोल समुद्रात जाऊन कोणताही उच्चांक केला नाही. परंतु समुद्रात उतरलेला मुलगा, भाऊ किंवा पिता संध्याकाळी धडधाकट घरी परतावा, यासाठी त्यांनी आपली बुद्धी वेचली. टप्प्यावर तीन मिनिटे थांबलेल्या पाणबुड्याला ती मिनिटे कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. डोक्यावर सूर्यप्रकाश दिसत असतो, होडी जवळच असते, आणि मन वर जाण्यास उतावीळ झालेले असते. तरीही तो थांबतो. त्या थांबण्यामुळेच दुसऱ्या दिवशी तो पुन्हा समुद्राकडे येऊ शकतो.